जयंत नारळीकरांचा वारसा : अधिकार, प्रश्न आणि पुरावा

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे निधन झाले. पुढचे काही दिवस दैनिकांचे रकाने त्यांच्या आठवणींनी भरून गेले. त्रैमासिकाला बातमीच्या मागे धावता येत नाही, आणि धावूही नये. श्रद्धांजलीचे शब्द ओसरल्यावर आम्ही त्यांची पुस्तके पुन्हा एकदा वाचावयास घेतली. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र या वाचनाला निमित्त घडले ते एका घरगुती प्रसंगाचे, आणि तो प्रथम सांगितला पाहिजे.

आमच्या नात्यातील एका मुलीची सोयरीक जुळत आली होती. सरदारपुरासारख्या गावात मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी; स्थळ पाहावयाचे तर धार, देवास, इंदूर असे फिरावे लागते. मुलगा-मुलगी दोघांनी एकमेकांना पसंत केले होते. मग पत्रिका निघाल्या आणि मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला. बैठकीत एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "विज्ञानाचे काय सांगता? तो विश्वाचा महास्फोट खुद्द नारळीकरांनीही मानला नाही. शास्त्रज्ञांचेच जेथे एकमत नाही, तेथे पत्रिकेलाच खोटे का म्हणावे?" त्यावर दुसरे एक जण उसळून म्हणाले, "ज्योतिष खोटे आहे हे नारळीकरांनीच सिद्ध केले आहे. आता पुढे बोलू नका." बैठक तेथेच थांबली. आम्हीही गप्प बसलो.

घरी परतल्यावर ध्यानात आले ते असे, की दोघांनीही एकाच माणसाच्या नावाची मोहोर आपापल्या मतावर उमटवली होती. एकाने 'नारळीकर म्हणतात म्हणून' संशय घेतला, दुसऱ्याने 'नारळीकर म्हणतात म्हणून' संशय संपवला. ज्या माणसाने आयुष्यभर 'अमुक म्हणतात म्हणून' या शब्दांशी झुंज दिली, त्याच्या नावाचा हा उपयोग विपरीत होता. नारळीकरांनी नेमके काय नाकारले, काय तपासले आणि कसे, हे आमच्यापैकी कोणालाच धड ठाऊक नव्हते.

नारळीकरांविषयी आपणा बृहन्महाराष्ट्रातील मंडळींना एक वेगळी जवळीक वाटते, आणि ती अकारण नाही. जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. पण वाढले ते बनारसला, हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि मराठीतून विचार करण्याची सवय टिकवून धरणारे आईवडील, हे चित्र आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या घरचे वाटेल. 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. घरात मुलांसाठी फळे टांगलेले असत आणि मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा त्यांवर भाच्यासाठी एखादे अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवीत, ही आठवण प्रसिद्ध आहे. उत्तर सापडेपर्यंत गणित फळ्यावर तसेच राही. मोठ्या माणसाने लहानाला काय द्यावे, याचा हा एक नमुनाच होय. मामांनी भाच्याला उत्तर दिले नाही, प्रश्न दिला. आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार मामांच्या वयाकडे न राहता गणिताकडेच राहिला.

या आत्मचरित्राचा सूर शांत, नेमका आणि काहीसा अलिप्त आहे. प्रवास, परीक्षा, माणसे, संस्था यांच्या नोंदी चोख आहेत. मात्र जेथे लेखकाने स्वतःच्या पराभवाशी थोडे अधिक झगडावे असे वाचकास वाटते, तेथे लेखणी आखडती होते. आमच्या मते हा या सुंदर पुस्तकाचा उणा भाग आहे. कारण नारळीकरांच्या वैज्ञानिक आयुष्याचा गाभा एका दीर्घ मतभेदाचा आहे, आणि त्या मतभेदात बहुसंख्य विद्वानांचा कौल त्यांच्या विरुद्ध गेला. ही गोष्ट श्रद्धांजलीच्या लेखांत अर्ध्या ओळीत उरकली गेली. आम्हांस ती सविस्तर पाहणे आवश्यक वाटते.

१९४८ साली फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी असा सिद्धान्त मांडला की विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते, पण विरळ होत नाही. कारण अत्यंत मंद गतीने नवे द्रव्य निर्माण होत राहते. म्हणून विश्व कोणत्याही काळी पाहिले तरी ढोबळमानाने सारखेच दिसेल. याउलट दुसरा पक्ष म्हणत होता की विश्व एका अतितप्त, अतिदाट अवस्थेतून सुरू झाले. या दुसऱ्या पक्षाला 'बिग बँग' हे नाव १९४९ साली आकाशवाणीवरील एका भाषणात हॉईल यांनीच दिले. नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि पुढे याच हॉईल यांचे शिष्य झाले. गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला, तो १९६४ साली. तेव्हा नारळीकर पंचविशीत होते. भारतात त्यांच्या नावाचा मोठा गाजावाजा झाला आणि १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्या १९६४ च्या जूनमधील एक प्रसंग आम्हांस या सर्व कथेचा कणा वाटतो. लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉईल यांनी हा नवा सिद्धान्त सभेपुढे ठेवला. व्याख्यान संपल्यावर स्टीफन हॉकिंग नावाचा एक संशोधक विद्यार्थी काठीच्या आधाराने उभा राहिला आणि म्हणाला की, तुमच्या सिद्धान्तातील एक राशी प्रसरणशील विश्वात अनंत होते, म्हणजे तिला अर्थच उरत नाही. हॉकिंगची बसण्याची जागा नारळीकरांच्या खोलीशेजारीच होती. ती समीकरणे त्याने आधीच पाहिली होती आणि हिशेब स्वतः करून पाहिला होता. हॉईल हे त्या काळचे जगप्रसिद्ध नाव, हॉकिंगला तेव्हा कोणी ओळखत नव्हते. पण त्या सभेत नावाला किंमत नव्हती, हिशेबाला होती. पुढे हॉकिंगने तो आक्षेप रीतसर लेख लिहून मांडला. अधिकाराला प्रश्न विचारणे म्हणजे काय, हे नारळीकरांनी असे दोन्ही बाजूंनी अनुभवले. प्रस्थापित मताला प्रश्न विचारणाऱ्यांत ते होते, आणि त्याच वेळी ज्यांना प्रश्न विचारला गेला त्यांतही ते होते.

पुढचे वर्ष १९६५. पेंझियास आणि विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे एक मंद प्रारण आढळले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे तीन अंश. तप्त आरंभाच्या पक्षाने अशा उरलेल्या उष्णतेचे भाकीत १९४८ सालीच केले होते. तराजू झुकला. १९८९ साली सोडलेल्या 'कोबे' या उपग्रहाने या प्रारणाचे मोजमाप इतक्या अचूकतेने केले की बहुतेक खगोलशास्त्रज्ञांपुरता वाद मिटला. नारळीकरांपुरता तो मिटला नाही. १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुन्या सिद्धान्ताची नवी मांडणी केली. विश्व सुमारे पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरण पावत राहते, द्रव्याची निर्मिती एकदाच न होता लहान लहान स्फोटांतून होत राहते, आणि ते मंद प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश, जो लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंसारख्या धुळीने शोषून पुन्हा बाहेर टाकला, असे त्यांचे म्हणणे होते. २००४ साली महास्फोटाच्या पर्यायांनाही संशोधनासाठी पैसा व दुर्बिणींचा वेळ मिळाला पाहिजे, असे सांगणाऱ्या एका खुल्या पत्रावर अनेक शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. त्यांत नारळीकर होते.

येथे समीक्षकाने आडपडदा ठेवू नये. नव्या मांडणीला मान्यता मिळाली नाही. त्या मंद प्रारणातील सूक्ष्म चढउतारांचे जे नकाशे पुढील उपग्रहांनी तयार केले, ते तप्त आरंभाच्या चित्राशी फार चांगले जुळले. लोखंडी तंतूंच्या कल्पनेतून तसा मेळ बसला नाही. मग या हट्टाला काय म्हणावे? आम्हांस असे वाटते की, त्यात गुरुनिष्ठेचा अंश होता. हॉईल यांच्यावर त्यांची भक्ती होती, आणि भक्ती माणसाला पुरावा थोडा उशिरा पाहावयास लावते. हे लिहिणे त्यांच्या थोरवीला बाधक नाही. ज्याने आपल्याला प्रश्न विचारावयास शिकवले, त्याला प्रश्न विचारला नाही तर त्याचे शिकवणे वाया गेले असे होईल.

परंतु या हट्टाचा एक विशेष नजरेआड करता येणार नाही. नारळीकरांचा पक्ष हरू शकला, कारण त्याने हरण्याची सोय आधीपासून ठेवली होती. विश्व सर्व काळी सारखेच दिसेल, असे एकदा म्हटले की दूरचे, म्हणजेच जुने, विश्व पाहून ते खोटे ठरवता येते. हॉईल व त्यांचे सहकारी आपल्या सिद्धान्तातून पडताळता येतील असे निष्कर्ष काढीत, ते छापून ठेवीत आणि विरोधकांच्या हाती देत. बैठकीतील आमचे गृहस्थ 'नारळीकरांनीही महास्फोट मानला नाही' असे म्हणतात, तेव्हा ते निम्मीच गोष्ट सांगतात. नारळीकरांनी महास्फोट मानला नाही हे खरे. पण त्यांनी त्याच्या जागी दुसरा हिशेब मांडला, आणि तो तपासा असे जगाला सांगितले. नुसता नकार आणि पर्यायी हिशेब यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हीच रीत त्यांनी ज्योतिषाला लावली. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करावयाचे ठरवले तेव्हा नारळीकरांनी उघड विरोध केला. पण विरोधाच्या भाषणांवर ते थांबले नाहीत. २००८ साली पुण्यात त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा आतून परिचय असलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी योजली. अभ्यासात अत्यंत हुशार अशी शंभर मुले आणि बौद्धिक वाढ मंदावलेली शंभर मुले, अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे जमवून कुंडल्या मांडल्या. चाचणीस तयार झालेल्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवल्या, आणि मूल कोणत्या गटातले एवढेच ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. चाळिसांपैकी सर्वाधिक अचूक उत्तरे चोवीस, तीही एकाच ज्योतिषाची. बहुतेकांची वीस किंवा त्याहून कमी. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासल्या, त्यांपैकी एकशे दोन बरोबर आल्या. नाणे उडवले असते तरी साधारण एवढेच हाती आले असते.

या चाचणीने ज्योतिष कायमचे खोटे ठरले, असे आमचे दुसरे गृहस्थ म्हणतात. तेही पुरते बरोबर नाही. एका चाचणीने एका दाव्याची परीक्षा झाली, एवढेच म्हणता येईल. कोणास दुसरी, अधिक चांगली चाचणी सुचत असेल तर त्याने ती करावी. आम्हांस त्या सत्तावीस ज्योतिषांविषयी आदर वाटतो. त्यांनी आपली विद्या तराजूत घालावयास दिली. ज्यांनी उत्तरे पाठवलीच नाहीत, आणि जे आजही चाचणीचे नाव काढताच श्रद्धेचा विषय आहे असे म्हणून उठून जातात, त्यांची गोष्ट निराळी. आणि हा खेळ निरुपद्रवी नाही, हेही आठवावे. या चाचणीतील एक सहकारी नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास गेले असता हत्या झाली.

ही रीत पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, असे आपल्याकडे कोणी म्हणेल. माळव्यातील माणसाने तरी तसे म्हणू नये. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेषा आपल्या उज्जैनीवरून जाते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात तेथे वेधशाळा बांधली ती जुन्या कोष्टकांवर विसंबून न राहता आकाश स्वतः पाहण्यासाठी. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि त्या कामात गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाचा पुढाकार होता. तेच तिचे पहिले अधीक्षक. महाराष्ट्रात त्याआधीच केरो लक्ष्मण छत्रे यांनी पंचांगाची गणिते प्रत्यक्ष वेधांशी जुळवण्याचा आग्रह धरला होता. ग्रह पोथीत एके ठिकाणी आणि आकाशात दुसऱ्या ठिकाणी असेल तर कोणाचे मानावे, हा वाद आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐन भरात ऐकलेला आहे. नारळीकर त्याच वाटेवरचे प्रवासी.

आता त्यांच्या कथांकडे वळू. सामान्य मराठी वाचकाला नारळीकर भेटले ते मुख्यतः कथांतूनच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने लावली होती. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणून परीक्षकांनी भीड बाळगू नये, ही इच्छा. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या कीर्तीला दाराबाहेर उभे करून कागदावरील मजकुराला एकट्याने आत पाठवणे, ही आमच्या मते त्यांच्या सर्व विचारांची छोटीशी प्रात्यक्षिक परीक्षाच होती.

त्यांच्या कथांपैकी आपणा माळवेकरांना सर्वांत जवळची ठरावी अशी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातूनही अनेक मुलांनी वाचले आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, की जेथे १७६१ च्या पानिपतावर मराठे जिंकले. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली, आणि तेवढ्याने हिंदुस्थानचा इतिहास पालटला. आमच्या तालुक्यातील आमझऱ्याजवळ २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांनी गिरधर बहादुराचा पराभव केला, तेव्हा माळव्याची दारे मराठ्यांना उघडली आणि आपल्या कित्येकांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर किंवा शिंद्यांच्या दप्तराबरोबर इकडे आले. धारचे यशवंतराव पवार पानिपतावरच पडले. म्हणून ही कथा वाचताना आमच्या मनात 'ती गोळी चुकली असती तर' ही हुरहुर अधिक तीव्र होते. कथा येथे थांबती तर ती केवळ एक गोड स्वप्नरंजन झाली असती.

नारळीकर तसे होऊ देत नाहीत. परत आलेल्या गंगाधरपंतांची हकीकत ऐकून त्यांचा शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र प्रथम ती कल्पनेचा खेळ म्हणून बाजूला सारतो. मग गंगाधरपंत खिशातून बखरीचे एक फाटके पान काढतात, ज्यावर विश्वासरावांची गोळी चुकल्याचे छापलेले आहे. घरच्या बखरीत मात्र गोळी लागल्याचाच मजकूर आहे. ते पान पाहिल्यावर राजेंद्राचा सूर बदलतो. आता हकीकत नाकारता येत नाही; तिचे स्पष्टीकरण शोधावे लागते. गंगाधरपंतांची विद्वत्ता, वय, नऊशे नव्याण्णव सभांचे भूषविलेले अध्यक्षपद यांतल्या कशानेही राजेंद्र हलला नव्हता. तो हलला एका फाटक्या कागदाने.

याच कथेत एक विनोदी प्रसंग आहे. त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर सभा चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. अध्यक्षपदाची सवय जडलेले गंगाधरपंत न राहवून त्या खुर्चीवर जाऊन बसतात. पण त्या जगातील लोकांनी अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडून काढलेली असते. खुर्ची केवळ रिवाज म्हणून ठेवलेली. श्रोते टोमॅटो आणि अंडी फेकून त्यांना खाली उतरवतात. आपल्या जगात परतल्यावर गंगाधरपंत ठरवतात की यापुढे कोणत्याही सभेचे अध्यक्षपद नको. १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभारून २००३ पर्यंत तिचे संचालकपद सांभाळणाऱ्या, अनेक खुर्च्यांचा अनुभव असलेल्या लेखकाने ही थट्टा लिहावी, यात त्याचा स्वभाव दिसतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नारळीकर निर्वाचित अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते तेथे जाऊ शकले नाहीत, आणि त्याबद्दल नाराजीही व्यक्त झाली. त्या वेळी या कथेची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही.

कथाकार म्हणून त्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पात्रे बहुधा कल्पनेच्या सोयीपुरती येतात. त्यांना सुखदुःखाचे अंतरंग फारसे नसते. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये मोबियसच्या पट्टीची भूमिती मनात घर करते, पण ज्याच्यावर ती ओढवते तो माणूस मनात रेंगाळत नाही. त्याहून महत्त्वाचा दोष असा की, शेवटचा शब्द जवळजवळ नेहमीच शास्त्रज्ञाचा असतो. तो येतो, समजावून सांगतो आणि कथा संपते. प्रस्थापितांना प्रश्न विचारणाऱ्या लेखकाच्या कथांत तज्ज्ञाला प्रश्न विचारणारा सामान्य माणूस क्वचितच भेटतो.

हे सर्वांत ठळकपणे जाणवते 'धूमकेतू' या कथेत. दत्तदा हे निवृत्त गृहस्थ हौशी आकाशनिरीक्षक. त्यांना एक नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. शास्त्रज्ञ गुप्त बैठका घेऊन त्याला वाटेवरून दूर सारण्याची योजना आखतात, आणि ती यशस्वी होते. इकडे दत्तदांच्या पत्नीने अरिष्ट टळावे म्हणून घरी होम घडवून आणलेला असतो, आणि संकट टळले ते होमानेच अशी तिची खात्री होते. लेखकाला येथे अंधश्रद्धेवर खेद व्यक्त करावयाचा आहे. परंतु पुनर्वाचनात आम्हांस दुसराच प्रश्न पडला. त्या बाईला खरी हकीकत कोणी सांगितली होती? घबराट नको म्हणून शास्त्रज्ञांनी ती गुप्त ठेवली. तिच्यासमोर होता तो फक्त होम आणि टळलेले संकट. जो पुरावा तिच्यापासून दडवला, तो तिने मानला नाही म्हणून तिला दोष कसा द्यावा? जेथे ज्ञान बंद दाराआड राहते, तेथे दाराबाहेरील माणसाला शास्त्रज्ञ आणि पुरोहित सारखेच दिसतात. दोघेही सांगणार, आणि त्याने ऐकायचे. कथेत हे लेखकाच्या हेतूबाहेर घडले असेल. पण तिचे खरे बळ आम्हांस येथेच दिसते.

स्वतः नारळीकरांनी मात्र जीवनात नेमके उलटे केले. शाळकरी मुलांपुढे बोलावे, मराठीत लिहावे, कुंडल्यांच्या चाचणीची पद्धत व आकडे छापून टाकावेत, आपल्या हरलेल्या सिद्धान्ताचा हिशेबही उघडा ठेवावा. हिशेब उघडा ठेवणे, हाच त्यांचा वारसा आहे असे आमचे मत झाले आहे. महास्फोट खरा की खोटा, हे ठरवण्याची आपली योग्यता नाही. पण समोरच्याने हिशेब उघडा ठेवला आहे की नाही, आणि कोणत्या निकालावर आपण चुकलो असे तो कबूल करील हे आधी सांगितले आहे की नाही, एवढे आपण कोणीही विचारू शकतो. शास्त्रज्ञाला विचारू शकतो, डॉक्टरांना विचारू शकतो, पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनाही विचारू शकतो.

या रीतीने आम्ही कागद घेऊन बसलो. रूढीप्रमाणे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारा स्थानांपैकी ही पाच. मंगळ प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा येतो असे ढोबळमानाने धरले, तर शंभरातील चाळिसांहून अधिक माणसांना मंगळ आहेच. मंगळाच्या पत्रिकेला मंगळाचीच पत्रिका हवी असा नियम अपवाद न करता पाळला, तर दर १४४ जोड्यांपैकी ७० बाद होतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या. मोठ्या शहरात हा नियम परवडत असेल. जेथे मराठी घरेच मोजकी, आणि मुलांची भाषा टिकावी म्हणून मराठी घरातच सोयरीक व्हावी अशी इच्छा, तेथे निम्मी स्थळे एका ओळीत बाद करण्याची किंमत कोण मोजते, हे वेगळे सांगावयास नको. आमचा हिशेब चुकला असेल तर तो दाखवून द्यावा. आम्ही दुरुस्त करू.

ती सोयरीक पुढे मोडली. मुलीने तक्रार केली नाही, आणि तिला कोणी विचारलेही नाही. त्या दिवशी बैठकीत दोन गृहस्थ नारळीकरांचे नाव घेऊन भांडत होते आणि आम्ही गप्प बसलो, ही चूक आमची. उत्तर आमच्याजवळ नव्हते, हे खरे. पण प्रश्न तर विचारता आला असता, आणि त्यासाठी कोणाचेही नाव घेण्याची गरज नव्हती. आपल्या स्वतःच्या घरांत मंगळ असून सुखाने नांदलेली आणि छत्तीस गुण जुळूनही मोडलेली लग्ने किती, ती एकदा मोजू या का, एवढेच विचारावयाचे होते. पुढच्या बैठकीत तरी ते विचारावे, असे आम्ही मनाशी ठरवले आहे. वाचकांनीही आपापल्या घरी हा हिशेब मांडून पाहावा, अशी विनंती आहे.